एकोणचाळीस मिनिटं

लसणाची दुसरी गड्डी फोडायला घेतली आणि संगणकातून टिंग असा आवाज आला. बुशराने पडद्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या सुपाकडे. सुपात अजून तीन गड्ड्या तशाच होत्या.

"एवढ्यात?" ती म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

पडद्यावर हिरवी खूण आली होती. फिल्म तयार. अकरा मिनिटांत अख्ख्या लग्नाची फिल्म जोडून नवा प्रोग्राम पुढच्या कामाची वाट बघत बसला होता. याच कामाला जुना प्रोग्राम चार-चार तास घ्यायचा. मध्येच अडायचा, रुसायचा, कधी सगळंच बंद करून मोकळा व्हायचा, की पुन्हा पहिल्यापासून. आणि जेवढा वेळ तो काम करायचा तेवढा वेळ फिल्म पडद्यावरून रखडत रखडत सरकत राहायची. बुशरा समोर बसून सोडे निवडायची, तांदूळ पाखडायची, कपड्यांना बटणं लावायची, आणि एक डोळा पडद्यावर. आता तेवढ्या वेळात लसूणसुद्धा सोलून होत नव्हता.

तिने ओढणीला हात पुसले आणि फिल्मची सुरुवात लावून पाहिली. हॉलचं दार, दारातली कमान. शेवट पाहिला. रुखसतीची गाडी, रडणारी नवरी, रिम्शा. मध्ये दोन ठिकाणी लावून पाहिलं, तिथे पुरुषांची पंगत बसली होती. बारा वर्षांपूर्वीचं ते धुरकट चित्र नव्या प्रोग्रामने घासूनपुसून लख्ख केलं होतं. पंगतीतल्या बिर्याणीतला भाताचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा.

"बुशरा, झालं काय गो?"

बाहेरच्या दुकानातून तय्यबचाचांचा आवाज आला. रिम्शाचे वडील, पोलादपूरचे. बत्तीस वर्षं कुवेतला एका गोदामात काढून गेल्या साली कायमचे घरी आलेले. आज मुलाच्या, मुदस्सरच्या सासुरवाडीचे पुरुष वीर गावाहून पहिल्यांदा जेवायला येणार होते. जुम्म्याची नमाज झाली की जेवण, आणि जेवणाआधी मोठ्या टीव्हीवर रिम्शाच्या लग्नाची फिल्म, म्हणजे नव्या सोयऱ्यांना कोण कुणाचा कोण ते कळेल. ही कल्पना चाचांची. टीव्हीही नवा होता आणि तो कुणालातरी दाखवायला हवाच होता. जुनी सीडी चरे पडून केव्हाच गेली होती, म्हणून त्यांनी बुशराला नवी फिल्म सांगितली होती.

"झालं, चाचा," म्हणत तिने पेनड्राईव्ह त्यांच्या हातात दिला.

"एवढ्यात? मी म्हटलं, तास-दोन तास बसावं लागेल. बाजारात मटण घेऊन ठेवलंय."

"आता नवीन प्रोग्राम हाय."

"चांगला हाय मग," चाचा म्हणाले, आणि पेनड्राईव्ह खिशात घालून वर हात ठेवून निघाले.

हा नवा प्रोग्राम दोन महिन्यांपूर्वी जुनैदने आणला होता. जुनैद बुशराचा पाठचा भाऊ, दुकान त्याच्या नावावर. बुशराची तयारी नव्हती. जुन्याच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या, कुठे हळू जायचं, कुठे जपायचं. पण कंपनीने जुन्याकडे बघणंच सोडून दिलं होतं, आणि जुना संगणक दर आठवड्याला आजारी पडत होता.

"आपा, हे जुनं घर दुरुस्त नाय केलेलं," जुनैदने तिला समजावलं होतं. "पाडून पायापासून नवीन बांधलंय. जुन्यातली एक वीट ठेवली नाय म्हणतात."

"आणि जुन्या घरातलं सामान? माझी बारा वर्षांची लग्नं हायत त्यात."

"ते आणायला टेम्पो दिलाय की कंपनीनं. वेगळा छोटा प्रोग्राम हाय. त्यात जुनी फाईल घालायची, की नव्यात उघडते."

"सगळं येतं?"

"बहुतेक सगळं येतं म्हणतात. जे नाय ते मागाहून देणार हायत."

नव्याने काम हलकं केलं, हे बुशरा नाकारत नव्हती. महिन्याभरात तिने जुन्याची आठवण काढणंही कमी केलं होतं. बारा वर्षं दुखरी पाठ धरून बसणाऱ्या बाईला रोजचे चार तास मोकळे मिळाले तर ती कशाला तक्रार करेल?

चाचा गेल्यावर तिने उरलेला लसूण संपवला आणि आपली वही काढली. या वहीत तिने प्रत्येक लग्नापुढे फिल्म किती लांबीची तेवढं लिहून ठेवलं होतं. पहिल्याच पानावर पहिलंच नाव रिम्शाचं. एक तास बावन्न मिनिटं. शेजारी नवी लांबी लिहावी म्हणून तिने पडद्यावर पाहिलं. दोन तास एकतीस मिनिटं.

तिने पेन खाली ठेवला.

लग्न तेच, तुकडे तेच. मग एकोणचाळीस मिनिटं आली कुठून? तिने फिल्म लावली आणि या वेळी उड्या न मारता पुढे नेत गेली. निकाह. काझींचा खुतबा. गळाभेटी. आणि मग एकाएकी मेंदीची रात्र, बायकांची खोली, ओढण्या बाजूला टाकून बसलेल्या बायका, आणि मधोमध केस मोकळे सोडून नाचणारी शरिफाखालाची, म्हणजे तय्यबचाचांच्या बायकोची, धाकटी बहीण. पूर्वी कधी इतकी स्वच्छ दिसली नव्हती. कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता.

बुशराने फिल्म थांबवली.

महाडच्या मोहल्ल्यात लग्नाचं शूटिंग म्हणजे दोन शूटिंगं. पुरुषांकडे जुनैद, बायकांकडे बुशरा. बायकांच्या खोलीत पुरुषाचा कॅमेरा जात नाही, हे काही पाटी लावून सांगावं लागत नाही. पण नुसतं शूटिंग बाईने करून काय उपयोग, नंतर ते कापायला-जोडायला पुरुषाच्याच हाती जाणार असेल तर? म्हणून बायकांची बाजू जोडायचीही बुशरानेच. तिच्या खोलीत पडदा दाराकडून दिसणार नाही असा ठेवलेला. जुनैद बाहेर खाकरल्याशिवाय आत येत नसे, आणि आला तरी चहाचा कप ठेवून खाली मान घालून परत.

तिच्याआधी हे नव्हतंच. कॅमेरा दिसला की बायका ओढण्या सावरून गप्प बसायच्या, गाणी बंद. पहिल्यांदा हो म्हणाली ती शरिफाखाला, तय्यबचाचांची बायको, रिम्शाच्याच लग्नात. "तू कर गो," ती म्हणाली होती. "पण एक सांगते, आमचं आमच्यातच राहिलं पायजे." बुशराने "राहील, खाला," एवढंच उत्तर दिलं होतं. त्या दोन शब्दांवर पुढची बारा वर्षं तालुक्यातल्या बायका तिच्या कॅमेऱ्यासमोर नाचल्या, गायल्या, नवऱ्यांच्या नकला केल्या. दोन हजार एकवीसच्या पुरात पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीला लागलं तेव्हा जुनैद तांदळाच्या गोण्या वर नेत होता आणि बुशरा त्या फिल्मांची पिशवी. त्यावरून दोघांचं भांडणही झालं होतं.

जुन्या प्रोग्रामात फिल्म ओळींत मांडायची असे. खालच्या ओळीत पुरुषांची बाजू, वरच्या ओळीत बायकांची. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक छोटा डोळा. वरच्या ओळीचा डोळा मिटला की अख्खी ओळ झाकली जाई आणि उरे ती सगळ्यांना दाखवायची फिल्म. डोळा उघडून केलेली दुसरी फिल्म फक्त नवरीच्या आईच्या हातात द्यायची. नव्या प्रोग्रामात ओळीच नव्हत्या. सगळे तुकडे एकाच दोरीत, एकमेकांना चिकटून. ओळ नाही तर डोळा कुठला? टेम्पोत सामान सगळं आलं होतं. कुठल्या खोलीला कुलूप होतं ते तेवढं टेम्पोवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि कुलूप तिने स्वतः तपासलं नव्हतं. प्रोग्रामला बोल लावून काय होणार होतं? पूर्वी रखडणाऱ्या फिल्मसमोर बसून ती नकळत सगळं बघून घ्यायची. ते बघणंच तिचं खरं काम होतं, हे तिला आत्ता, लसणाच्या सालींमध्ये बसून कळत होतं.

तिने चाचांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शरिफाखालाचा लावला, तोही कोणी उचलला नाही. भिंतीवर सव्वाअकरा झाले होते.

"जुनैद, गाडी काढ. पोलादपूरला जायचंय."

"काय झालं?"

"विचारू नको."

जुनैदने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "मी एकटाच जाऊन येतो ना पटकन. काय सांगायचंय ते सांग."

"तुला काय सांगू? त्यात काय हाय ते तुला सांगितलं तर तू आणि ते पाव्हणे यांत फरक काय राहिला?"

जुनैदने मुकाट्याने किल्ली उचलली. बुशराने निघताना जुन्या डिस्कवरची बारा वर्षांपूर्वीची फिल्म दुसऱ्या पेनड्राईव्हवर उतरवून घेतली. अंधूक, पण बघितलेली.

महामार्गावरून बाईक जात होती तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. वीरहून आलेली सात-आठ माणसं, खुर्च्यांवर बसलेली, हातात सरबताचे ग्लास, आणि भिंतभर टीव्हीवर ती मोकळ्या केसांची बाई. चाचा उठून टीव्ही बंद करतील तोवर व्हायचं ते होऊन जाईल. मग कुठल्या लग्नात कुठली बाई तिला आत घेणार? घेऊही नये. मीसुद्धा घेतलं नसतं, तिला वाटलं, आणि रडू आलं म्हणून तिने तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला फिरवलं.

जुनैदला नाक्यावरच थांबवून ती चालत वर गेली.

तय्यबचाचा ओट्यावरच्या बाकावर बसले होते. अंगात नमाजेचा पांढरा झब्बा, डोळ्यांवर चष्मा नाही. दारातून आतली मोठी खोली दिसत होती. खुर्च्या मांडलेल्या, पंखा चालू, टीव्ही काळा.

"कोण हाय?" चाचांनी डोळे बारीक करून विचारलं.

"मी बुशरा, चाचा."

"ये, बस." त्यांनी खिशातून पेनड्राईव्ह काढून बाकावर ठेवला, दोघांच्या मध्ये. "हा घेऊन जा. मी येणारच होतो द्यायला, पण आज पाव्हणे हायत."

 बुशराने विचारलं, "कुणी कुणी बघितलं?"

"मी एकट्यानं. पाव्हण्यांसमोर फजिती नको, आधी चालतो काय बघू म्हटलं. निकाह आला, सगळं बरोबर होतं. मी बसून माणसं ओळखत होतो, कोण हाय, कोण गेलं. मध्येच बायका आल्या. मी झटकन चष्मा काढला." चाचांनी हाताने काढल्याची खूण करून दाखवली. "काढून ठेवला कुठंतरी, आणि मग रिमोट सापडेना. रिमोट शोधतोय तर फोन वाजायला लागला, तोही सापडेना."

एरवी बुशराला हसू आलं असतं.

"खाला कुठं होती?"

"शेजारी, मोठं पातेलं आणायला. तिला सांगितलं नाय अजून." ते थांबले. "मी कुणाचं तोंड बघितलं नाय, बुशरा. त्या सगळ्या माझ्या बहिणी-मुली."

"ठाऊक हाय, चाचा. चूक माझी हाय. मी पूर्ण बघितल्याशिवाय तुमच्या हातात दिलं. पूर्वी कधी असं केलं नव्हतं. माफ करा म्हणायला पण तोंड नाय मला."

"होते चूक," चाचा म्हणाले. पण त्यांचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं. ते बाकाच्या लाकडावरून अंगठा फिरवत होते. "बघितलं नाय. पण ऐकलं."

बुशराने वर पाहिलं.

"उठून बाहेर येता आलं असतं. दरवाजा काय, चाचपडत सापडला असता. नाय आलो. शरिफा गात होती."

कुठलं गाणं ते बुशराला लगेच कळलं. जोडताना तिने ते वीस वेळा ऐकलं होतं. मेंदीच्या रात्री बायकांनी शरिफाखालाला मध्ये ओढलं होतं, आणि खालाने टाळ्या वाजवत स्वतःच रचलेलं गाणं म्हटलं होतं.

"पस्तीस वर्षं झाली निकाहाला," चाचा म्हणाले. "त्यातली बत्तीस मी तिकडं. दर शुक्रवारी फोन. मुदस्सरला ताप होता, उतरला. छपराची कौलं बदलली. रिम्शा पास झाली. सगळं सांगायची. गाते ते कधी बोलली नाय." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "मला पाव्हणा म्हणते त्यात. बॅगवाला पाव्हणा. पहिलं कडवं ऐकलं, आणि मग बायका अशा हसायला लागल्या की पुढलं काय ते कळलंच नाय."

"गंमतीचं गाणं हाय, चाचा. मेंदीला सगळ्याच म्हणतात."

"गंमतीचंच हाय. मला हसू नाय आलं, एवढंच."

आतून खवणीवर नारळ खवल्याचा आवाज येत होता. चाचा जरा पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तेवढं गाणं वेगळं काढता येईल काय? चित्र नको मला. नुसता आवाज. फोनवर ठेवीन, एकट्यानं ऐकीन."

येण्यासारखं होतं. जुन्या प्रोग्रामात आलं असतं, नव्यात तर दोन मिनिटांचं काम. बुशराला त्या क्षणी चाचांची इतकी कणव आली की ती हो म्हणणारच होती.

"खालाला विचारल्याशिवाय नाय देता येणार," ती म्हणाली.

"मग तूच विचार. मला नाय जमायचं."

बुशरा उठून आत गेली. मोठ्या खोलीच्या खिडकीत नमाजेची टोपी पडली होती. तिने उचलली तर खाली चष्मा. तो तिने बाहेर नेऊन चाचांच्या हातात दिला, आणि सोबत दुसरा पेनड्राईव्ह.

"पाव्हण्यांना हा लावा. चित्र धुरकट हाय, पण मी डोळ्यांनी बघितलेलं हाय सगळं."

चाचांनी मान हलवली. चष्मा डोळ्यांवर न चढवता झब्ब्याच्या खिशात घातला.

स्वयंपाकघरात चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं आणि शरिफाखाला खाली खवणीवर बसली होती. बुशराला बघून तिचा चेहरा खुलला.

"अगो, तू कशी? बरी आलीस. जेवूनच जा आता."

बुशरा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. प्रोग्राम नवा आहे, हेही तिने शेवटी सांगितलं, सबब वाटू नये म्हणून. ऐकता ऐकता खालाचा खवणीवरचा हात थांबला.

"माझी बहीण होती त्यात," खाला म्हणाली. "केस सोडून नाचली होती."

"हो."

"तुझ्यावर भरोसा टाकून होतो गो आम्ही सगळ्या."

"हो, खाला."

बुशराने मान वर केली नाही. पातेल्यावरचं झाकण वाफेने खडखडत होतं आणि दोघींपैकी कोणी उठलं नाही.

"चष्मा होता त्यांना?"

"काढला म्हणाले. लगेच."

"त्यांनी सांगितलं, काढला म्हणून?"

"विचारायच्या आधीच सांगितलं."

शरिफाखालाने मोठा श्वास सोडला. "मग काय नाय बघितलं. चष्म्याशिवाय त्यांना ताटातला भात दिसत नाय. आणि ते खोटं बोलत नाय कधी, तेवढं एक हाय." तिने उठून झाकण सरकवलं आणि पुन्हा येऊन बसली. "बहिणीला मी सांगेन. बाकीच्यांना तू सांग, एकेकीच्या घरी जाऊन. बाहेरून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे."

"जाते. उद्यापासूनच जाते. आणि यापुढं पूर्ण बघितल्याशिवाय माझ्या हातून काय जाणार नाय. मशीनला अकरा मिनिटं लागू देत, मी दोन तास बसेन."

"बस. बसायलाच पायजे."

एवढ्यावर उठून जाता आलं असतं. पण बाहेर चाचा वाट बघत होते.

"खाला, अजून एक हाय. चाचांनी तुमचं गाणं ऐकलं."

"कुठलं?"

"पाव्हण्याचं."

शरिफाखालाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईला असं लाजताना बुशराने पहिल्यांदाच बघितलं.

"या अल्ला. सगळं?"

"पहिलं कडवं. पुढलं बायकांच्या हसण्यात गेलं. ते विचारतायत, नुसता आवाज मिळेल काय. चित्र नको म्हणाले."

"काय बोलले अजून?"

"तुम्ही गाता ते ठाऊक नव्हतं म्हणाले. फोनवर कधी बोललात नाय म्हणून."

खालाने खवलेल्या नारळाचा ढीग बोटांनी एकत्र केला, मग पसरला, मग पुन्हा एकत्र केला.

"नको," ती म्हणाली. "त्यात हसणाऱ्या सगळ्या आल्या. त्या माझ्या भरवशावर हसल्या. त्यांचं हसणं मी कुणाच्या फोनवर कसं देऊ?"

"बरं," बुशरा म्हणाली. तिला बरं वाटलं आणि चाचांसाठी वाईटही वाटलं. बाहेर जाऊन काय शब्दांत सांगायचं ते ती जुळवू लागली.

शरिफाखालाने नारळाची वाटी पुन्हा खवणीला लावली. चार-पाच हात फिरले असतील. मग तिने दाराकडे पाठ होईल अशी थोडी बैठक बदलली आणि खवणीच्याच ठेक्यावर गायला लागली. आवाज बारा वर्षांपूर्वीसारखा नव्हता. वर चढताना फाटत होता.

पाव्हणा आला गो दारी, बॅग त्याची भारी,
उघडून बघितली बॅग, तर परतीची तयारी.

मोठ्या खोलीत पावलं वाजली. मग बटण वाजलं आणि घरघरणारा पंखा हळूहळू थांबला. शरिफाखालाने आवाज वाढवला नाही आणि कमीही केला नाही. बुशराने हात लांब करून खडखडणारं झाकण नुसतं दाबून धरलं. चटका बसत होता, तरी धरलं.

बॅग मी लपविली गो, खाटेच्या खाली,
शोधून दमला पाव्हणा, गाडी निघून गेली.

गाणं संपलं. खवणी चालू राहिली. बाहेर खुर्ची सरकल्याचाही आवाज नव्हता.

"अवो," शरिफाखालाने मागे न बघता हाक मारली. "नमाजेला निघायचं नाय काय?"



"चष्मा सापडत नाय," चाचा मोठ्या खोलीतून म्हणाले.

बुशराला झब्ब्याचा खिसा आठवला. शरिफाखालाने नारळाची दुसरी वाटी घेतली.